आठ दिवसांचा गूळ

१

नानासाहेब जगदाळे झोपेच्या गोळ्यांनी गेले, यावर चिकलठाण्यातल्या त्या गल्लीचं एकमत व्हायला अर्धा दिवसही लागला नाही. एरवी या गल्लीत नालीवरच्या फरशीवरूनसुद्धा दोन तट पडतात.

मे महिन्यातला शुक्रवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. विमानतळावरून एक विमान उठलं आणि घरावरून गेलं. रोजच जातं. पण नानांनी दोन्ही कान गच्च दाबले, त्यांचं अंग ताठ झालं आणि ते खुर्चीसकट खाली आले. हातपाय झाडायला लागले, तोंडाला फेस आला. दवाखान्यात पोचेपर्यंत आणखी दोन झटके आले आणि दुपारी चार वाजता सगळं संपलं. वय सत्तर. मूळ देवगाव रंगारीचे, तिथं शेतीवाडी, इथं दोन मजली घर. अकरा वर्षांपासून घबराटीवर आणि झोपेवर गोळी चालू होती, सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक.

म्हाताऱ्यानं गोळ्या जास्त खाल्ल्या असतील, असं डॉक्टरांना आधी वाटलं. म्हणून त्यांनी लघवी तपासून घेतली. अहवाल आला आणि डॉक्टर स्वतः चक्रावले. नानांच्या शरीरात त्या गोळीचा मागमूसही नव्हता. निदान पाच-सहा दिवस तरी ती त्यांच्या पोटात गेलेली नव्हती, असं त्यांनी लिहून दिलं.

मग गोळ्या गेल्या कुठं? नानांना गोळ्या द्यायचं काम बानाबाईचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सात ती त्या घरात राबायची, नानांचं खाणंपिणं, अंघोळ, औषध सगळं बघायची. गोळ्यांची डबी पोलिसांना साफ रिकामी सापडली. या शहरात असल्या गोळ्या नशेसाठी ‘बटन’ म्हणून गल्लीबोळात विकल्या जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झालं, गल्लीनं सुतावरून स्वर्ग गाठला. जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या, अंगठा उठवणाऱ्या बाईला लोक दोन दिवसांत ‘बटनवाली’ म्हणायला लागले.

सोमवारी दुपारी बानाबाईची मुलगी रत्नमाला चौकीत जाऊन बसली. फौजदार बुद्धभूषण खरात वाईट माणूस नव्हता. पण त्याच्यासमोर एक मेलेला माणूस, एक रिकामी डबी आणि एक गरीब बाई, एवढंच होतं.

“सिस्टर, तुम्ही सरकारी दवाखान्यात नर्स हायेत म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “वरून फोनवर फोन येऊ लागलेत. उद्या संध्याकाळी पाचला मला तुमच्या आईला ताब्यात घ्यावं लागंल. तवर काही असंल तर सांगा.”

२

रत्नमाला नऊ वर्षं मानसोपचाराच्या वॉर्डात होती. झोप न येणारी, झोपेला भिणारी, गोळीवाचून जिन्याची पायरी न चढणारी माणसं तिनं इतकी पाहिली होती की दारातून येणाऱ्याची चाल बघून ती अर्धी केस सांगायची. पण घरी आल्यावर आईचं तोंड बघून तिची सगळी हुशारी गळून पडली. बानाबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवसांत ती कुणाच्या दारात गेली नव्हती आणि कुणी तिच्या दारात आलं नव्हतं.

“रत्ना, म्या एक बी गोळी चुकवली नाय. खंडोबाची आण.”

“माय, मला ठावं हाये. तू मला फक्त नानांचं सांग. शेवटच्या दिवसांत कसे होते?”

“कसे म्हंजी? शनवारपासून हात कापाया लागले. चहाची बशी धरवंना. घाम असा, की बनियन पिळून घ्यावं. पंखा लावला की म्हणायचे, बंद कर, लई आवाज करतोय. येवढ्या उन्हाळ्यात! इमान गेलं की कान झाकायचे. डोळ्याला डोळा नाय. काकू, नानाची मंडळी, म्हणल्या, ऊन बाधलं, तळपायाला कांदा चोळ. चोळला की.”

ऊन नव्हतंच ते. अकरा वर्षं रोज तीनदा ही गोळी घेणाऱ्याची गोळी एकदम तोडली, की शरीर असंच बंड करून उठतं. आधी थरथर, घाम, आवाजाची भीती, मग झटके. म्हणून तर डॉक्टर अशी गोळी सोडवताना कित्येक महिने घेतात, चिमटीचिमटीनं कमी करतात. गोळ्या जास्त देऊन माणूस मरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. गोळी काढून घेऊनही मरतो, हे गल्लीला माहीत नव्हतं.

“पण तू तर रोज गोळी देत होतीस?”

“मंग! त्यांची लेक सायलीताई दर आइतवारी खणाची डबी भरती. सात दिसाचे तीन-तीन खण. म्या खण उघडायची अन् नानाच्या तळहातावर ठिवायची. पांढरी, बारकी. ते पाण्यासंगं गिळत नव्हते. जिभंवर इरघळवायचे, म्हणायचे लवकर लागू पडती. कडू जहर असती म्हणं. म्हणून वरून गुळाचा खडा लागायचा. म्या वाटीत काढूनच ठिवायची.” बानाबाई थांबली. “पर शेवटी शेवटी गूळ बी खाईनात.”

“म्हंजी?”

“खडा तसाच वाटीत. नको म्हणायचे, तोंड कडू नाय; म्या म्हणलं, उन्हानं चव गेली असंल. टाकायचा कशाला म्हणून म्या पदराला बांधून आणायची, शेळीला घालायची. आठ दिस शेळीनंच खाल्ला त्यांचा गूळ.”

रत्नमाला सरसावून बसली. “कधीपासून? नीट आठव माय.”

“आठवायचं काय त्यात? सायलीताई बुधवारी कामासाठी नाशकाला गेली, अन् दुसऱ्या दिवशी बेस्तरवारी सकाळच्यापासून गूळ उरला. शनवारी सांजच्याला ताई आली, आइतवारी तिनं डबी भरली, तरी बी गूळ उरतच व्हता. त्या शुक्रवारपस्तोर.”

जी गोळी खाल्ल्यावर अकरा वर्षं गूळ लागत होता, ती एका गुरुवारी सकाळी अचानक कडू लागेनाशी झाली होती. म्हणजे बानाबाई आठ दिवस नानांच्या तळहातावर भलतंच काहीतरी ठेवत होती. आणि ते डबीत कुणीतरी मोजूनमापून, खणाखणात घालून ठेवलं होतं.

३

मंगळवारी सकाळची ड्यूटी संपवून रत्नमाला आधी भारत मिसाळच्या मेडिकलवर गेली. जगदाळ्यांच्या घरची सगळी औषधं तिथून जात. तिला बघताच भारतचा चेहरा उतरला. त्याच्या दुकानातून नकली गोळी गेली, अशीही एक कुजबुज गल्लीत होती.

“खोटी गोळी इकायला मी काय येडा हाये का, सिस्टर? पोलिसांनी घरातल्या उरलेल्या पट्ट्या नेल्यात. तपासू द्या ना.”

“तपासायची गरज नाही,” रत्नमाला म्हणाली. “त्याच पट्ट्यांतल्या गोळ्या रविवार ते बुधवार कडू होत्या. गुरुवारी पट्टीतल्या पट्टीत त्यांचा कडूपणा कसा जाईल? तुमची गोळी खरी होती.”

भारतला यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं स्वतःहून स्टूल पुढं सरकवलं.

“मला एवढं सांगा,” ती म्हणाली, “गेल्या काही महिन्यांत त्या घरात गोळ्या कमी पडत होत्या का?”

भारतनं इकडंतिकडं पाहिलं. “पडत होत्या. सायलीताई महिना भरायच्या आधीच यायच्या. म्हणायच्या, पट्ट्या संपल्या. मी म्हणलं, ताई, चिठ्ठीवर जेवढं लिहिलंय तेवढंच मिळंल. ही गोळी मी सख्ख्या बापाला बी चिठ्ठीशिवाय देत नाय. आधी त्यांना वाटलं, नाना विसरून दोनदा खातात. म्हणून खणाची डबी आणली. तरी पट्ट्या कमीच. मागं एका मंगळवारी त्या आल्या, तेव्हा मी सरळ बोललो. म्हणलं, घरात कुणीतरी हात मारतंय. पट्ट्या कुलपात ठेवा, बाहेर फक्त डबी राहू द्या.”

“त्यांनी ठेवल्या?”

“दुसऱ्याच दिवशी. नाशिकला जायच्या आधी कपाटाला कुलूप लावून गेल्या. तिथूनच फोनवर बोलल्या मला, थँक्यू भारतभाऊ म्हणून.”

बुधवारी कुलूप लागलं आणि गुरुवारपासून गूळ उरला. रत्नमाला उठली.

“सिस्टर,” भारत मागून चाचरत म्हणाला, “राग मानू नका. ते कुलूप कुणाच्या भीतीनं लावलं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या घरात बाहेरचं माणूस एकच होतं.”

४

जगदाळ्यांच्या घरात सुतकाची शांतता होती. दार सायलीनं उघडलं. नानांची थोरली मुलगी, बत्तीस वर्षांची, चितेगावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. औषधं, द्रावणं, वजनकाटा हे तिचं रोजचं. कुणाला विष कालवायचं असतं तर या घरात तिच्याइतकं कुणालाच जमलं नसतं, हे रत्नमालाच्या मनात येऊन गेलं.

“तुम्ही कशाला आलात?” सायली म्हणाली. आवाजात राग होता, पण डोळे सुजलेले होते.

“तुमचे वडील कशानं गेले ते शोधायला. माझ्या आईला आज संध्याकाळी धरून नेणार आहेत. त्याच्या आत.”

सायलीनं तिला आत घेतलं. खोटं बोलायची तिची रीत नव्हती. “हो, मी कपाटाला कुलूप लावलं. बानाबाईंवरच संशय होता माझा. गोळ्या जात होत्या आणि घरात दुसरं कोण होतं? आई, मी, माझा भाऊ शिवम. घरचे आम्ही.”

रत्नमालाला ते ‘घरचे आम्ही’ झोंबलं. नानांचं सगळं आवरायला आईचे हात लागायचे, तेव्हा ती घरची असायची. पण वाद घालत बसायला वेळ नव्हता. घड्याळात तीन वाजून गेले होते.

आतून लक्ष्मीबाई आल्या. नानांची बायको. सांधेवातानं दोन्ही हातांची बोटं वाकून गेलेली, साखरेचं दुखणं वेगळंच. दारात आलेल्याला सुतकातही चहा विचारायची सवय सुटली नव्हती.

“त्या गोळीनंच खाल्लं त्यांला,” त्या म्हणाल्या. “म्या किती डाव म्हणलं, बंद करा ते. माणूस कसा गुंगीत राहायचा. लग्नाकार्यात हसतोय का रडतोय कळायचं नाय. मला वाटायचं फेकून द्याव्या सगळ्या उकिरड्यावर.”

“फेकल्या का कधी?” रत्नमालानं हळूच विचारलं.

“फेकल्या असत्या तर बरं झालं असतं की गं!” म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

फेकल्या असत्या तर नाना आठ दिवसांत असेच गेले असते, हे रत्नमालाला सांगवेना. चहा आला. लक्ष्मीबाईंनी कमरेची छोटी प्लास्टिकची डबी काढली, कपाच्या काठावर उभी धरली आणि तळहाताच्या टाचेनं वरचं बटण दाबलं. टक्कन एक बारकी पांढरी गोळी त्यांच्या कपात पडली. पुन्हा टक्, दुसरी पडली.

“साखर बंद हाये ना मला. ही गोड गोळी टाकावी लागती. ही डबी बी नवी आणाया लावली. आधीची महिना-दीड महिना जायची, ती आठ दिवसांत कशी सरली काय म्हाईत. म्या शिवमला दोनदा वरडले, की मुंग्या खात्यात का काय गोळ्या.”

“बघू काकू?” रत्नमालानं एक गोळी तळहातावर पाडून घेतली. पांढरी, चपटी, बारीक. जिभेवर ठेवली. विरघळली आणि तोंड गोडमिट्ट झालं. यावर कुणाला गुळाचा खडा कशाला लागेल?

तिनं मान वर करून समोर पाहिलं. लक्ष्मीबाई शांतपणे चहा ढवळत होत्या.

५

नवऱ्याच्या गोळ्या उकिरड्यावर फेकाव्यात असं वाटणारी बाई. तिच्याच कमरेला लटकणारी गोड गोळ्यांची डबी. खरात असता तर त्यानं इथंच बेड्या काढल्या असत्या. रत्नमालानं मात्र मन आवरलं. मनाशी म्हणाली, आईच्या बाबतीत लोकांनी केलं तेच आपण करायचं का?

तिनं म्हातारीचे हात पाहिले. बटण दाबायलाही तळहाताची टाच लागत होती. खणाच्या डबीची झाकणं नखाएवढी. ती उचलायची, आतली गोळी चिमटीत धरून काढायची, दुसरी ठेवायची, तेही तीस-तीस वेळा. या बोटांना ते जन्मात जमलं नसतं. शिवाय स्वतःच्या हातानं डबी संपवणारी बाई, ती कशी संपली म्हणून पोराला दोनदा ओरडेल का?

मग सायली? पण गुरुवारी सकाळी ती नाशिकमध्ये होती. बुधवारच्या तिन्ही गोळ्या कडू होत्या, म्हणजे अदलाबदल झाली ती बानाबाई बुधवारी संध्याकाळी घरी गेल्यावर.

“शिवमभाऊ कुठं आहेत?”

“वर अभ्यासाला असंल,” लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि या दिवसांतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला. “सात वर्षं झाली परीक्षांची तयारी करतोय. डेप्युटी कलेक्टर व्हनार. नाना तर गावात सगळ्यांला सांगायचे, आमचे साहेब म्हणून. आधी पोराला झोपच नव्हती, येरझाऱ्या घालायचा. आता सात-आठ महिन्यांपून झोपतो बिचारा शांत. कालपून मात्र पुन्हा बिनसलंय. बापाचं दुःख, काय करनार.”

जिन्यावरून पावलं वाजली. शिवम खाली आला. एकोणतीस वर्षांचा, दाढी वाढलेली. शर्ट पाठीला चिकटलेला होता. खोलीत येताच त्यानं कुणाकडं न बघता आधी पंख्याचं बटण बंद केलं.

“अरे, उकडतंय,” सायली म्हणाली.

“घरघर करतोय तो. डोकं फुटायला लागलंय.”

सायलीनं त्याच्या हातात चहाची कपबशी दिली. कप बशीवर खुळखुळायला लागला. त्यानं ती घाईनं खाली ठेवली आणि हात खिशात घातले. रत्नमाला एकटक त्याच्याकडं बघत होती. कपाळावर घामाचे थेंब होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. गल्लीच्या टोकाकडून हळूहळू विमानाचा आवाज वाढत आला. आवाज डोक्यावर आला तसे शिवमचे दोन्ही हात खिशातून निघाले आणि कानांवर गेले.

लक्ष्मीबाईंनी तोंडावर पदर घेतला. नवऱ्याला असंच कान दाबताना त्यांनी गेल्या आठवड्यात पाहिलं होतं.

विमान गेलं. रत्नमाला उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि वॉर्डात विचारते त्याच साध्या आवाजात तिनं विचारलं, “शिवमभाऊ, शेवटची गोळी कधी घेतली तुम्ही?”

६

तो जिन्याकडं वळला. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. खरात पाच वाजायच्या आतच आला होता. जीपमध्ये मागं एका महिला पोलिसाशेजारी बानाबाई बसलेली होती, पदर डोक्यावरून ओढलेला. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

“सिस्टर, वेळ संपली,” खरात दारातून म्हणाला.

“दहा मिनिटं आत या साहेब. आणि आईला पण आत आणा. तिच्यासमोर बोलायचंय.”

खरातनं थोडा विचार केला आणि महिला पोलिसाला खूण केली. बानाबाई दाराशीच, चपलांजवळ उभी राहिली. रत्नमालानं तिला ओढून खुर्चीवर बसवलं आणि बोलायला लागली.

“साहेब, नाना गोळी जास्त झाल्यानं गेले नाहीत. गोळी एकदम तुटल्यानं गेले. गुरुवारपासून त्यांच्या डबीत चहात टाकायच्या गोड गोळ्या होत्या. म्हणून त्यांना वरून गूळ लागेना. म्हणून काकूंची महिनाभराची डबी आठ दिवसांत संपली. आता मला सांगा, डबीत खोटी गोळी ठेवायची गरज कुणाला पडते?”

“ज्याला खरी चोरायची त्याला.”

“मग माझ्या आईला कशाला पडेल? डबी उघडणारी तीच. तिला चोरायची असती तर खण उघडायचा आणि गोळी कनवटीला लावायची, संपलं. तिनं कुणाला फसवायचं? नाना तर डोळे मिटून हात पुढं करायचे. रिकामा खण बघून जी बोंब मारेल, तिलाच फसवायला ती खोटी गोळी होती. म्हणजे माझ्या आईलाच.”

खरातनं बानाबाईकडं असं पाहिलं, जणू ती आताच खोलीत आली होती.

“आधी पट्ट्या उघड्या असायच्या,” रत्नमाला पुढं म्हणाली. “चोराला डबीला हात लावायची गरज नव्हती. सायलीताईंनी बुधवारी कुलूप लावलं आणि त्याला फक्त डबी उरली. त्याच रात्री त्यानं खण बदलले, रविवारी डबी भरल्यावर पुन्हा बदलले. बुधवारी त्या नाशिकला होत्या. काकूंच्या बोटांनी ती झाकणं उघडत नाहीत. शुक्रवारी नाना पडले आणि सगळे दवाखान्यात धावले. तेव्हा कुणीतरी उरलेले खण रिकामे केले, कारण त्यांत गोड गोळ्या सापडल्या असत्या. शुक्रवारी घर बघायला मागं कोण थांबलं होतं, काकू?”

“शिवम,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. सायली भावाकडं बघत होती.

“पुरावा?” खरात म्हणाला.

“त्यांच्याच अंगात आहे. नानांच्या लघवीत जी गोळी सापडली नाही, ती यांच्या लघवीत सापडेल. आजच्या आज तपासा.”

शिवम भिंतीला धरून खाली बसला. बराच वेळ त्याचे दात एकमेकांवर वाजत होते.

“परीक्षेच्या हॉलमध्ये छाती धडधडायला लागायची,” तो म्हणाला. “हात बधिर व्हायचे. वाटायचं, आता मरतो. तीन वेळा पेपर कोरा देऊन आलोय मी. घरी सांगितलं, थोडक्यात हुकलं. नाना चारचौघांत साहेब म्हणायचे. त्यांना कसं सांगू, की साहेबांना जिना उतरायची भीती वाटते? एकदा त्यांची एक गोळी घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा झोपलो मी. मग रोजच. मग दिवसातून तीनदा.”

“अरे, त्यांना बी तेच व्हतं रं,” लक्ष्मीबाई हंबरल्यासारख्या ओरडल्या. “त्यांची बी छाती अशीच धडधडायची! त्यांला सांगायचं ना!”

“तुम्हाला माहीत होतं का,” रत्नमालानं विचारलं, “एकदम बंद केल्यावर काय होतं ते?”

तो खाली मान घालून म्हणाला, “आधी नव्हतं. वाटलं, दोन-चार दिवस झोप लागणार नाही, एवढंच. मग त्यांचे हात कापायला लागले. बुधवारी मोबाईलवर वाचलं. झटके येतात, माणूस जाऊ शकतो.”

“बुधवारी. आणि नाना शुक्रवारी गेले.”

“गुरुवारी सकाळी गोळ्या परत ठेवायला गेलो होतो मी. डबी हातात घेतली. माझ्याजवळ थोड्याच उरल्या होत्या.” त्याचा आवाज लहान झाला. “नाही ठेवल्या.”

सायली उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

७

“उठा,” खरातनं शिवमच्या दंडाला धरलं. “बानाबाई, तुम्ही घरी जाऊ शकता, पर याचा जबाब झाल्यावर. कागदावर येईपर्यंत तुमचं नाव तसंच राहतं. हा आज कोठडीत बसू दे, उद्या सकाळी निवांत लिहून घेतो.”

शिवमला उभं राहवत नव्हतं. त्याच्या पोटऱ्या थाडथाड उडत होत्या.

रत्नमाला ते बघत होती आणि तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. उडू दे, असं तिला वाटलं. दोन दिवस माझी आई ‘बटनवाली’ म्हणून घरात कोंडून होती, आणि हा वरच्या खोलीत बसून ऐकत होता. तिला जन्मठेप झाली असती तरी यानं तोंड उघडलं नसतं. आता आपण फक्त गप्प बसायचं. या गोळीबद्दल जेवढं आपल्याला कळतं तेवढं खरातला कळत नाही. कोठडीत उद्या सकाळी जे सापडेल त्याला कुणी आपल्याला जबाबदार धरणार नाही. चार-पाच श्वास ती खरोखर गप्प बसली.

“रत्ना,” बानाबाई म्हणाली. तिची नजर शिवमच्या हातांवर होती. “हे आठ दिस म्या पाह्यलंय. अस्संच.”

“काय म्हणतायत?” खरातनं विचारलं.

रत्नमालानं श्वास सोडला. “साहेब, यांनी शेवटची गोळी केव्हा घेतली विचारा.”

“रविवारी,” शिवमच पुटपुटला. “संध्याकाळी.”

“म्हणजे जवळजवळ दोन दिवस झाले. यांना कोठडीत टाकलंत तर सकाळपर्यंत झटके येतील. बापासारखेच. दवाखान्यात न्या, आत्ता. डॉक्टर गोळी चालू करतील, मग हळूहळू सोडवतील. पोलिस बसवा हवं तर पलंगापाशी.”

जीप निघाली. खिडक्यांतली माणसं एव्हाना बाहेर आली होती. बानाबाईला पुढं बसलेली आणि शिवमसाहेबांना मागं दोन पोलिसांमध्ये बघून त्यांना काही उलगडेना. बानाबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि एकेकाच्या तोंडाकडं सरळ पाहिलं. कुणी कुणी उगाच मान डोलावली.

मागं शिवमसमोर रत्नमाला बसली होती. जालना रोडवर सिग्नलला जीप थांबली. शेजारी ट्रकनं भोंगा वाजवला तसा तो पुढं कोसळला, तिनं त्याला खांद्याला धरून सावरलं.

“तुम्ही का वाचवताय मला?” त्यानं विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात स्थिर नव्हते.

“वाचवत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मेलात तर माझ्या मायचं नाव कागदावर तसंच राहील. तुम्ही जगायचंय, आणि जे आत बोललात ते सगळं सही करून सांगायचंय. मग पुढं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

हे पूर्ण खरं नव्हतं. पण त्याच्याशी याहून जास्त खरं बोलायची तिची तयारी नव्हती.

वॉर्डात डॉक्टरांनी तपासलं, लघवी घेतली आणि गोळी लिहून दिली. ड्यूटीवरची नर्स पुढं आली, पण रत्नमालानं वाटी तिच्या हातातून घेतली. गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं आणि प्रत्येक पेशंटला करायला लावते तसं त्याला तोंड उघडायला लावलं. जिभेखाली बघितलं. गोळी गेली होती. दाराशी बानाबाई फौजदारामागं उभी होती, अंगठा द्यावा लागतो की काय या काळजीनं हात पुसत.

रत्नमालानं खुर्ची ओढून खरातला पलंगाजवळ बसवलं.

“आता घ्या लिहून, साहेब,” ती म्हणाली. “सुरुवात माझ्या आईपासून करा.”